ख्रिस्ती विश्वास आणि ईश्वरविज्ञान

ख्रिस्ती विश्वास आणि ईश्वरविज्ञान : तारणासाठी येशू ख्रिस्तावर भरवसा पुरतो, की त्रैक्य (एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा असणे), देहधारण (देवपुत्राने माणूस होणे), प्रायश्चित्त (ख्रिस्ताच्या मरणाने पापक्षालन होणे) हे सिद्धांत बिनचूक समजावे लागतात, याविषयीचा ख्रिस्ती परंपरेतील जुना वाद. सातारा, सांगली, मिरजेच्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजांत, तो ग्रंथापुरता राहत नाही. बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या माणसाला नेमके काय विचारायचे, इथे त्याची गाठ पडते.

नव्या करारात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला ‘ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र’ म्हणतो आणि धन्य ठरतो. पण ख्रिस्ताला दुःख सोसून मरावे लागेल हे त्याला पटत नाही, आणि सात-आठ ओळींच्या आत त्याला ‘सैताना’ असे ऐकावे लागते. उत्तर बरोबर, समज कच्ची. तरी शिष्यत्व शाबूत. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराने तर ‘माझी आठवण कर’ एवढेच मागितले. उलट याकोब आपल्या पत्रात बजावतो की देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती थरथर कापतात. म्हणजे सिद्धांत तोंडपाठ असणे हाही विश्वास नव्हे. मात्र अज्ञानाचे कौतुकही तिथे नाही. अपुल्लो हा आरंभीचा उपदेशक उत्साहाने शिकवत होता, पण त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचाच, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याने त्याला जवळ घेऊन मार्ग अधिक बारकाईने समजावला. त्याला अविश्वासी कोणी ठरवले नाही.

पुढे वाद तापला तो ‘ख्रिस्त कोण’ या प्रश्नावर. निकाया (३२५) आणि खाल्किदोन (४५१) येथील धर्मपरिषदांनी ख्रिस्ताच्या देवपणाविषयीचे आणि मनुष्यपणाविषयीचे शब्द काटेकोर केले. चौथ्या शतकातील बिशप अथनासियस याच्या नावावर चालणाऱ्या, पण त्याने न लिहिलेल्या मतांगीकाराने (विश्वासाच्या ठरीव कबुलीने) तर हा विश्वास अखंड न राखणाऱ्याचा नाश होईल असे सांगितले. ‘राखणे’ म्हणजे ‘समजणे’ असे धरले, तर बहुतेक मंडळ्यांची बाके रिकामी होतील. तेराव्या शतकात ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस याने यातून वाट काढली : काही मुख्य गोष्टी उघडपणे मानाव्यात, बाकीच्या साध्या माणसाने चर्चच्या विश्वासात अंतर्भूत म्हणून मानल्या तरी चालतील. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनला हे पटले नाही. न कळता मान डोलावणे म्हणजे विश्वास नव्हे, असे त्याचे म्हणणे. प्रॉटेस्टंट परंपरेने पुढे विश्वासाची ज्ञान, संमती आणि भरवसा अशी तीन अंगे मानली. ज्ञान त्यांत आहेच, पण तारणाचा भार भरवशावर आहे. इंग्लंडमध्ये अँग्लिकन धर्मगुरू रिचर्ड हूकरने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणखी पुढचे पाऊल टाकले. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत ज्यांना नीट कळला नाही, त्यांनाही ख्रिस्ताला धरून असल्यास देवाची दया लाभू शकते, असे त्याने व्यासपीठावरून सांगितले आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. या वादातले सर्वांत शहाणपणाचे बोलणे बहुधा त्याचेच.

साताऱ्यात हा प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहिला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईला झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, ही त्यांची कल्पना. टिळक सिद्धांतांच्या विरोधात होते असे समजणे चुकीचे आहे. त्यांच्या पदांत ख्रिस्ताचे देवपण आणि बलिदान ठायी ठायी आहे. त्यांनी क्रम बदलला : आधी भक्ती, मग व्याख्या. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. पदे मात्र टिकली. अक्षरओळख नसलेल्या कित्येक पिढ्यांनी ख्रिस्ताविषयीचा सिद्धांत शिकला तो अशा पदांतून आणि भजनांतून, पेटी-तबल्याच्या साथीने.

मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उघडले. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही होत. अशा ठिकाणी योहानाच्या नवव्या अध्यायातला आंधळा हटकून आठवतो. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे ठाऊक आहे, असे तो परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्राच्या कडव्या यहुदी अनुयायांना, सांगतो. पण हा अध्याय तिथे संपत नाही, हे उत्साही उपदेशक विसरतात. पुढे येशू त्याला शोधून काढतो, आपण कोण ते सांगतो, आणि मग तो नमन करतो.

मराठी मंडळ्यांत प्रौढ उमेदवाराला पाळकसाहेब काही आठवडे प्रश्नोत्तरे शिकवतात. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा मतांगीकार पाठ होतो. उपासनेत मात्र त्याला त्रैक्य उलगडून सांगायला कोणी लावत नाही. पापाचा पश्चात्ताप करतोस का, ख्रिस्ताला तारणारा मानतोस का, असेच विचारतात. एखादी म्हातारी मतांगीकार घडाघड म्हणते आणि त्यातले ख्रिस्ताविषयीचे ‘मृतलोकात उतरला’ म्हणजे काय असे विचारले, तर पाळकाकडे बोट दाखवते. अक्वायनसला यात वावगे दिसले नसते. कॅल्व्हिनने तिला पुढच्या रविवारी वर्गाला बोलावले असते.

वाद आजही अडतो तो स्वतः विश्वास समजून सांगू न शकणाऱ्या बालके, मतिमंद आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांच्यापाशी. बाप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या स्वतःच्या तोंडच्या कबुलीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. रोमन कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांत तान्ह्या मुलाचाही बाप्तिस्मा होतो. त्याच्या वतीने आईबाप आणि मंडळी उत्तर देतात.