स्पर्श वेगळा, वेदना वेगळी

हळू दाबलं तर स्पर्श, जोरात दाबलं तर दुखणं, असं सर्रास सांगितलं जातं. जणू एकच रेडिओ आहे आणि आपण फक्त आवाज वाढवत नेतोय. ऐकायला पटतं, पण चूक आहे. या गैरसमजापायी माणसं दाताच्या डॉक्टरांकडे विनाकारण घाबरतात आणि मधुमेहात पायाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून मला त्याचा राग येतो.

स्पर्शाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कडा आणि पोत मर्केल पेशी टिपतात, हलका सरकता स्पर्श माइसनरची ग्राहकं (म्हणजे संवेदना टिपणारी सूक्ष्म टोकं), कंप पॅचिनीची, त्वचेचा ताण रुफिनीची. हे संदेश जाड, वेष्टण असलेल्या मज्जातंतूंवरून सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने जातात.

वेदनेची तारच निराळी. तिच्यासाठी त्वचेत मज्जातंतूंची उघडी टोकं असतात आणि ती दोन प्रकारच्या बारीक तंतूंना जोडलेली असतात. एक थोडे वेगवान, दुसरे अगदी संथ, सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की स्पर्शाचे जाड तंतू आणि हे दोन, असे तिन्ही एकामागून एक अनुभवाला येतात. आधी नुसतं कळतं की काहीतरी लागलं. लगेच झणझणीत कळ येते. मग क्षणभर उसंत, आणि त्यानंतर तो खोल ठणका, जो खाली बसायला लावतो. ठणक्याला पायापासून वर यायलाच एवढा वेळ लागतो.

पुढचे रस्तेही वेगळे आहेत. बारकाईच्या स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत ज्या बाजूने शिरतो त्याच बाजूने वर चढतो आणि मेंदूच्या देठाशी बाजू बदलतो. वेदना आणि गरम-थंड मात्र शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडे जातात. त्यामुळे मज्जारज्जू एकाच बाजूने कापला गेला, तर त्याखाली त्या बाजूचा बारीक स्पर्श जातो आणि टोचणं, चटका विरुद्ध बाजूला कळेनासा होतो. ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडलं. वेदना म्हणजे वाढलेला स्पर्श असती, तर दोन्ही एकाच पायातून गेली असती.

तरीही कुणाला शंका असेल तर जनुकांकडे पाहा. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एससीएन९ए या जनुकातल्या दोषामुळे त्यातल्या मुलांना जन्मापासून वेदना ठाऊकच नव्हती, स्पर्श मात्र व्यवस्थित कळत होता. ओठ-जीभ चावलेली, हाडं मोडलेली, आणि तक्रार काहीच नाही. २०१६ मध्ये याच्या उलटे रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यात पिएझो२, म्हणजे स्पर्शाचा दाब ओळखणारं प्रथिन, काम करत नव्हतं. हलका स्पर्श नीट कळेना, डोळे मिटून चालता येईना, पण सुई टोचली की दुखायचं. पिएझो शोधणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. ज्युलियस यांचं काम चटका आणि मिरचीची आग ओळखणाऱ्या ग्राहकावरचं.

सवयीचा फरक तर रोजचाच आहे. मनगटावरचं घड्याळ थोड्या वेळात विसरायला होतं, किडलेली दाढ रात्रभर विसरू देत नाही. दुखऱ्या जागी चोळलं की बरं वाटतं, कारण स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेला काही अंशी अडवतात. तारा वेगळ्या असल्या तरी वाटेत त्यांची गाठ पडते, एवढं इथे पुरे.

आता दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतली गोष्ट. भुलीचं इंजेक्शन दिलं, जबडा जड झाला, डॉक्टरांनी दाढ हलवली आणि पेशंट ओरडला, “डॉक्टर, अजून कळतंय!” कळणारच. भुलीच्या औषधाने बारीक तंतू आधी थंडावतात, जाड तंतूंवर त्याचा अंमल कमी पडू शकतो. म्हणून दाब आणि ओढ कळते, कळ येत नाही. “दाब जाणवेल, दुखणार नाही, दुखलं तर हात वर करा” एवढं सांगायला डॉक्टरांना दहा सेकंद लागतात, आणि ते प्रत्येकाने सांगायलाच हवं. खरंच कळ आली, तर पेशंटनेही सोसत बसू नये.

मधुमेहात हीच गल्लत महागात पडते. “पायाला हात लावलेला कळतो, म्हणजे पाय ठीक” हे चूक, कारण बारीक तंतू आधी खराब झालेले असू शकतात. “तळव्यांची आग होते, म्हणजे पाय बधिर नाहीत” हे त्याहून धोक्याचं. ती आग बिघडलेले तंतूच उठवतात. त्याच तळव्यात खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही, पायातली चप्पल वाटेत निसटते आणि माणूस पुढे चालत राहतो. म्हणून वर्षातून एकदा तरी नीट तपासणी मागून घ्या: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, कंप कळतो का ते पाहायला १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, टाचणी आणि गरम-थंड. नुसता पायाला हात लावून “कळतंय का?” विचारलं, तर तपासणी झाली असं समजू नका. आणि आंघोळीचं पाणी पायाने अजमावू नका, कोपराने बघा.