गाय आणि आपण, एकाच ताटात

ज्वारीच्या उभ्या धाटाला ताट असेही म्हणतात. या ताटाच्या शेंड्याचे कणीस आपले, खालचा कडबा गुरांचा. सोलापूर भागातला मालदांडी पेरणारा शेतकरी एक डोळा दाण्याच्या भावावर ठेवतो, तर दुसरा कडब्याच्या शेकड्यावर. दुष्काळी वर्षी तर गावात कडब्याचीच चर्चा जास्त. पण माणसाने दिवसभर कडबा चघळला तरी अंगाला काही लागणार नाही. खरे तर दाण्यातला पिठूळ भाग आणि कडब्यातला चिवट धागा हे दोन्ही एकाच विटेचे बांधकाम आहे.

ती वीट म्हणजे ग्लुकोज: कार्बनचे सहा अणू, हायड्रोजनचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा. हिशेब मांडला तर प्रत्येक कार्बनमागे पाण्याचा एक रेणू येतो. आपल्या भाषेत तो हिशेब नावातच आहे. कर्ब अधिक उदक, कर्बोदक. (रेणूत पाणी काही वेगळे साठवलेले नसते, प्रमाण तेवढे जुळते.) ग्लुकोजमधले अणू कोणत्या बाजूला तोंड करून बसतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1891 मध्ये उलगडले. रेणू डोळ्यांनी दिसण्याची सोय नसताना, निव्वळ अभिक्रियांवरून तर्क करत. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

पान हवा आणि पाण्यापासून साखर बनवते आणि ती कणसाकडे धाडते. हुरडा गोड लागतो तो याचमुळे: दाणा दुधाळ असतो, साखर अजून सुटी असते. पण सुटी साखर साठवणे झाडाला परवडत नाही. विरघळलेली साखर पाणी ओढून घेते, आणि पेशी फुगून बसेल. म्हणून दाणा ग्लुकोज एकाला एक जोडून लांबलचक साखळ्या करतो. त्या सहजी विरघळत नाहीत, गोडही लागत नाहीत. हे पिष्ट, म्हणजे स्टार्च. हुरडा निबर होतो तेव्हा हेच घडत असते.

आता खरी गंमत. ग्लुकोजला ग्लुकोज जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पिष्टात सगळे ग्लुकोज एकाच बाजूला तोंड करून जोडले जातात. त्यामुळे साखळी जिन्यासारखी गोल वळत जाते, दर वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. कडब्यातल्या चिवट धाग्यात, म्हणजे सेल्युलोजमध्ये, मात्र दर दुसरा ग्लुकोज उलटा बसतो. एक उताणा, एक पालथा. या एवढ्याशा फरकाने साखळी सरळसोट होते. सरळ साखळ्या मोळीतल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी बसतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात आणि त्यातून चिवट तंतू तयार होतो. अंगातला सुती सदरा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज.

आपल्या लाळेतले अमायलेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, पहिल्या तऱ्हेचा जोड तोडते. भाकरीचा घास नुसताच बराच वेळ चावून पाहा, गोडसर लागू लागतो. दुसऱ्या तऱ्हेच्या जोडावर मात्र त्याची पकडच बसत नाही.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर पीठ गरम पाण्यात का मळतात तेही सांगतो. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नाही, पिठाला धरून ठेवणारे दुसरे कोणी नाही. सत्तर अंशांच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि भाकरी थापता येते. गार झाल्यावर त्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. शिळी भाकरी कडक होण्यामागे हेही एक कारण आहे.

गाईकडे तरी सेल्युलोज तोडणारे विकर आहे का? नाही. तिने त्या कामाला जीवाणू ठेवले आहेत. तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जिवंत आंबवण; तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव रवंथ केलेल्या कडब्यावर तुटून पडतात. ग्लुकोज ते स्वतःच खाऊन टाकतात आणि गाईच्या वाट्याला उरतात लहान आम्ले. त्यांत सर्वांत जास्त असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले. त्यात कार्बन दोनच. गाईची कास दोन-दोन कार्बन जोडत सोळा कार्बनपर्यंतची मेदाम्ले बनवते. त्याहून लांब मेदाम्ले वैरणीतून किंवा अंगच्या चरबीतून येतात. अशी तीन मेदाम्ले ग्लिसरॉल नावाच्या एका छोट्या रेणूला लटकवली की झाला स्निग्ध पदार्थाचा रेणू. मेदाची ही घडण फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी उलगडली आणि 1823 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्यांना 102 वर्षांचे आयुष्य लाभले.

म्हणजे भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला की कणसाला बऱ्याच वळशाने त्याचा कडबा भेटतो. फक्त रूप बदलून. मेदाम्लात ऑक्सिजन नावापुरता असतो. जळायला कार्बन आणि हायड्रोजन भरपूर. म्हणून एक ग्रॅम पिष्टातून सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदातून 9.

ही मेदाम्ले सरळ असली की नीट रचून बसतात आणि पदार्थ थिजतो. खोबरेल तेलात बहुतेक अशीच सरळ, म्हणून 24 अंशांच्या खाली पारा गेला की बाटली उन्हात ठेवावी लागते. करडईच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंधांमुळे बाक येतो, रचना जमत नाही, आणि ते थंडीतही पातळ राहते.

लोण्यात चार कार्बनचे एक छोटे मेदाम्लही असते, ब्युटिरिक आम्ल. ग्लिसरॉलला बांधलेले असते तोवर त्याचा वास जाणवत नाही. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असते, आणि तिथे जीवाणू वाढले की त्यांची विकरे हे आम्ल सुटे करतात. तोच शिळ्या लोण्याचा नाक मुरडायला लावणारा वास. लोणी कढवताना आधी तडतड ऐकू येते, ती पाणी उडून जाण्याची. तडतड थांबली, तळाशी बेरी तांबूस झाली की गॅस बंद. पाणी गेले, जीवाणूंना जागा उरली नाही, तूप महिनोन्महिने टिकते.