ग्रीनकार्डावर आलेल्या आई-बाबांचं मेडिकेअर: पाच वर्षं, सात महिने आणि औषधांचा वेगळा अर्ज

काकूंना मुलाकडे न्यू जर्सीत येऊन साडेसहा वर्षं झाली होती आणि मेडिकेअरचा अर्ज अजून भरलेला नव्हता. घरात सगळ्यांची समजूत एकच होती: काकूंनी अमेरिकेत कधी नोकरी केली नाही, तेव्हा मेडिकेअर आपल्यासाठी नाहीच. पाच वर्षं पूर्ण होताना अर्जाची जी मुदत उघडली होती, ती कुणाच्या लक्षातही न येता संपली. आता त्यांच्या हप्त्यावर दहा टक्के दंड बसतो, आणि तो जन्मभर राहणार आहे. ही वेळ आणखी कुणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेडिकेअर ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना. १९६५ साली कायदा झाला, आणि औषधांचा भाग त्यात २००६ पासून आला. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. पार्ट बी म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार. पार्ट डी म्हणजे औषधांच्या दुकानातून आणायच्या गोळ्या-औषधं. हा पार्ट डी सरकारमान्य खाजगी कंपन्या देतात आणि त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. ए आणि बी घेतलं की औषधंही आपोआप आली, असं होत नाही.

कोण पात्र?

वय ६५ पूर्ण हवं. त्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट कामाच्या क्रेडिटची. अमेरिकेत नोकरी-व्यवसाय करून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा कर भरला की वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात. अशी ४० क्रेडिट झाली, म्हणजे साधारण दहा वर्षं काम झालं, की पार्ट ए मोफत. स्वतःची क्रेडिट नसतील तर जोडीदाराची चालतात, पण जोडीदाराचं वय निदान ६२ आणि लग्नाला निदान एक वर्ष झालेलं हवं. २०२६ मध्ये एका क्रेडिटला १,८९० डॉलरची कमाई लागते. म्हणजे वर्षाला ७,५६० डॉलर मिळवणारा, अर्धवेळ दुकानात उभा राहणारा माणूसही चारही क्रेडिट मिळवतो. पन्नाशीत इकडे आलेल्या बाबांनी दहा वर्षं असं काम केलं असेल, तर आईलाही पार्ट ए फुकट मिळतो. या वाटेने येणाऱ्यांना पुढची पाच वर्षांची अट लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तीस वर्षांची नोकरी, एसटीतली नोकरी, बँकेतली नोकरी, यातलं काहीही क्रेडिटसाठी धरलं जात नाही. काही देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, भारताशी नाही. मुलाने किंवा मुलीने इथे वीस वर्षं भरलेला करही आई-वडिलांच्या खात्यावर जमा होत नाही.

दुसरी वाट काकूंसारख्यांची. क्रेडिट एकही नाही, पण हातात ग्रीनकार्ड आहे आणि अर्जाआधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य आहे. अशांना मेडिकेअर मिळतं, मात्र पार्ट एचे पैसे भरावे लागतात: २०२६ मध्ये महिना ५६५ डॉलर. क्रेडिट ३० ते ३९ असतील तर ३११ डॉलर. पार्ट बीचा २०२६ चा नेहमीचा हप्ता २०२.९० डॉलर, आणि तो पहिल्या वाटेने येणाऱ्यांनाही भरावा लागतो. दोन्ही मिळून ७६७.९० डॉलर, तेही एका माणसाचे. आई-बाबा दोघं असतील तर हा आकडा घरात बसून, कागदावर मांडून बोलायचा विषय आहे. नुसता पार्ट बी घेता येतो, आणि त्यावर पार्ट डीसुद्धा मिळतो. पण मग रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उघडा राहतो. उत्पन्न फारच कमी असेल तर राज्याच्या मदत योजना हे हप्ते भरू शकतात, म्हणून अर्जाच्या वेळी ते विचारावंच.

‘सलग’ या शब्दाकडे नीट बघा. दिवाळीला गेले आणि होळी करून परतले, इतकं सहसा चालतं. सहा महिन्यांच्या वर मुक्काम लांबला तर वास्तव्य खंडित झालं का, असा प्रश्न उभा राहू शकतो. व्हिजिटर व्हिसावर येऊन राहिलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर नाही, त्यांनी प्रवासी विमाच घ्यायचा.

सात महिन्यांची खिडकी

पात्र होण्याचा जो महिना, त्याच्या आधीचे तीन, तो स्वतः आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची पहिली मुदत असते. इथेच राहून ६५ पूर्ण करणाऱ्यांची ती वाढदिवसाभोवती येते. ६५ नंतर आलेल्यांची मात्र पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती उघडते. काकू ६८ व्या वर्षी आल्या, त्यामुळे त्यांची मुदत ७३ व्या वर्षी उघडली. आधीच्या वर्षांचा दंड त्यांना लागला नाही, लागला तो ही मुदत चुकल्याचा.

आता १ जूनची गोष्ट. आपल्याकडे त्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली आणि पुढे पासपोर्टावरही तीच गेली. इथला नियम असा की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याचं वय आदल्या दिवशी, म्हणजे आदल्या महिन्यातच पूर्ण झालं असं मानतात. म्हणून १ जूनवाल्यांचं मेडिकेअर जूनऐवजी १ मेपासून सुरू होऊ शकतं, आणि त्यांची खिडकी फेब्रुवारीत उघडून ऑगस्टअखेर बंद होते. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे अशा समजुतीत राहू नका.

खिडकी चुकली तर दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च अर्ज घेतात, आणि अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून विमा सुरू होतो. दंड असा: पार्ट बीसाठी उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्याच्या दहा टक्के. तीन वर्षं उशीर म्हणजे आजच्या दराने २०२.९० ऐवजी सुमारे २६४ डॉलर, दर महिन्याला, कायमचे.

नोकरीत असलेल्यांना सवलत आहे. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीचा विमा असेल, आणि कंपनी वीस किंवा जास्त माणसांची असेल, तर पार्ट बी दंडाशिवाय पुढे ढकलता येतो. नोकरी किंवा तो विमा, जे आधी संपेल त्यानंतर अर्जाला आठ महिने मिळतात. नव्वदच्या दशकात आयटीत आलेली आपली पिढी आता याच टप्प्यावर आहे, आणि तिची मोठी चूक कोब्राची होते. कोब्रा म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय. त्याने अठरा महिने विमा चालू राहतो, म्हणून लोक निर्धास्त बसतात. पण कोब्रा म्हणजे चालू नोकरी नव्हे, आठ महिन्यांचं घड्याळ तोवर चालूच असतं. मुलाच्या कंपनीने आई-वडिलांना विम्यात घेतलं असेल, तर त्यानेही ६५ वर्षांवरच्या आई-वडिलांना ही सवलत मिळत नाही.

कागद

अर्ज सोशल सिक्युरिटी कार्यालयाकडे करायचा. क्रेडिट पूर्ण असलेल्यांना तो ऑनलाइन दहा-पंधरा मिनिटांत होतो. पाच वर्षांच्या वाटेने येणाऱ्यांनी १-८००-७७२-१२१३ या क्रमांकावर फोन करून कार्यालयातली वेळ घ्यावी. मराठी दुभाष्या हवा असं आधी सांगावं, त्याचे पैसे पडत नाहीत.

बरोबर ग्रीनकार्ड, चालू आणि जुने पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, जन्माचा पुरावा, जोडीदाराच्या क्रेडिटवर अर्ज असेल तर लग्नाचा दाखला, आणि पत्ता दाखवणारे कागद न्यावेत. सगळे मूळ न्यायचे, झेरॉक्स चालत नाहीत. नोकरीनंतरच्या सवलतीत अर्ज असेल तर सीएमएस-४०बी या अर्जाबरोबर नोकरीतल्या विम्याचा कंपनीने भरून दिलेला दाखला, सीएमएस-एल५६४, लागतो.

पाच वर्षांत कधी भारतात गेलात, कधी परत आलात, याची तारीखवार यादी घरीच करून ठेवा. जुना पासपोर्ट टाकून दिलेला असला की हीच यादी करताना हाल होतात.

दुसरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं, मधलं नाव कुठे आहे कुठे नाही, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं. साठ-सत्तरच्या दशकातली कित्येक लग्नं नोंदवलेलीच नाहीत. ग्रीनकार्डाच्या वेळी जमवलेल्या फाइलमध्ये भाषांतरं आणि प्रतिज्ञापत्रं बहुधा असतात, ती शोधा. लग्नाची नोंद राहिली असेल तर पुढच्या भारतवारीत ती करून आणा. इथे बसून ते काम महिनोन्‌महिने अडतं.

औषधं

लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं कार्ड आलं की त्यावरचा अकरा अक्षर-अंकांचा क्रमांक वापरून पार्ट डी निवडायचा. ‘मला एकच गोळी चालू आहे, आणि ती मी पुण्याहून सहा महिन्यांची आणतो’ हे मी अनेकदा ऐकते. पुण्याहून आणलेल्या गोळ्या किंवा भारतातली विमा पॉलिसी इथे औषध विमा म्हणून धरत नाहीत. मान्य विम्याशिवाय सलग ६३ दिवस गेले की दंड सुरू होतो, उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे मूळ हप्त्याच्या एक टक्का. २०२६ चा मूळ हप्ता ३८.९९ डॉलर, त्यामुळे दोन वर्षं उशीर केला तर महिन्याला ९.४० डॉलर जादा. रक्कम लहान दिसते, पण पार्ट डी असेपर्यंत ती सुटत नाही. माझं मत ठाम आहे: एकही गोळी नसली तरी स्वस्तातली एखादी योजना घेऊन टाकावी.

योजना निवडण्याआधी औषधांची यादी करा आणि त्यात ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहा. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. आपल्याकडे मधुमेहासाठी सर्रास देतात ते व्हिल्डाग्लिप्टिन इथे मंजूर नाही. ते चालू असेल तर आधी इथल्या डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या, मगच योजना बघा. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर ही यादी आणि जवळचं दुकान भरलं की प्रत्येक योजनेचा वर्षभराचा खर्च समोर येतो. नुसता हप्ता बघू नका, तो वर्षाचा खर्च बघा.

२०२६ मध्ये सुरुवातीला आपल्या खिशातून भरायची रक्कम जास्तीत जास्त ६१५ डॉलर, आणि योजनेच्या यादीतल्या औषधांवर वर्षभरात २,१०० डॉलर खर्च झाले की पुढे काही द्यावं लागत नाही. इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त पडत नाहीत. नागिणीची लस फुकट मिळते. योजना दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर बदलता येते, आणि कंपन्या औषधांची यादी दर वर्षी बदलत असल्याने तेव्हा पुन्हा तपासणं भाग आहे. उत्पन्न कमी असेल तर औषधांच्या खर्चात मदत देणाऱ्या ‘एक्स्ट्रा हेल्प’साठी सोशल सिक्युरिटीकडेच अर्ज करता येतो.

कुठे अडलंच, तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे (कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिला हायकॅप म्हणतात). ते काही विकत नाहीत, म्हणून एजंटाआधी तिथे जा.

भारतात जाताना

भारतातल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही. काही मेडिगॅप योजना (मेडिकेअरमधून उरलेला खर्च उचलणारा खाजगी पूरक विमा) प्रवासातल्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के देतात, आधी २५० डॉलर आपण भरायचे आणि जन्मभराची मर्यादा ५०,००० डॉलर. मेडिगॅपला ए आणि बी दोन्ही लागतात, आणि पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत कंपनी आजारांवरून नाकारू शकत नाही. ती संधी पुन्हा सहसा येत नाही.

सोशल सिक्युरिटीचं पेन्शन नसेल तर हप्त्याची बिलं टपालाने येतात. आई-बाबा पुण्यात असताना ती टपालपेटीत पडून राहतात आणि विमा बंद होतो. निघण्याआधी बँक खात्यातून आपोआप हप्ता जाणारं मेडिकेअर इझी पे सुरू करा. ते लागू व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा तिकीट काढाल त्याच दिवशी तो अर्ज भरून टाका.