लिथियम-एअर बॅटरी (उंचावरच्या विमानांसाठी)

लिथियम-एअर बॅटरी म्हणजे जिच्या एका बाजूला लिथियम धातू असतो अन् दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन, अशी बॅटरी. मोबाईलच्या लिथियम-आयन सेलात दोन्हीकडचा माल आतच भरलेला असतो, त्याचं वजन कायम वागवावं लागतं; इथं अर्धा माल बाहेरून येतो म्हणून वजन एकदम उतरतं. याच खानदानातला झिंक-एअर सेल बऱ्याच घरात आहे, आजोबांच्या कानाच्या मशीनमधला, ज्याचं स्टिकर काढलं की बारीक भोकातून हवा आत जाते अन् सेल चालू होतो. तो संपला की फेकायचा, लिथियमवाली मात्र परत चार्ज झाली पाहिजे, अन् सगळं घोडं तिथंच अडलंय.

ही बॅटरी सगळ्यात जास्त हवी आहे ती जमिनीपासून 18-20 किलोमीटरवर महिनोन् महिने घिरट्या घालणाऱ्या बिनपायलटच्या सोलर विमानांना. ढग, पाऊस, प्रवासी विमानं सगळं त्यांच्या खाली राहतं. किल्लारीसारखा भूकंप झाला अन् टॉवर पडले तर वरूनच नेटवर्क देता येईल, दुष्काळात तालुकावार पिकं बघता येतील, असे उपयोग सांगितले जातात. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या लोकांना वरून उतरणारी यंत्रं तशी नवीन नाहीत, हैदराबादच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) केंद्रातून सुटणाऱ्या संशोधनाच्या फुग्यांची यंत्रं पॅराशूटनं या जिल्ह्यांत उतरू शकतात, सापडली तर हात लावू नका अशा सूचना निघत असतात. पण फुगा वारा नेईल तिकडं जातो, विमान एका जागेवर थांबू शकतं.

थांबायचं तर रात्र काढावी लागते. मराठवाड्यावर डिसेंबरातली रात्र जवळपास 13 तासांची, तेवढा वेळ मोटर निव्वळ बॅटरीवर. चांगला लिथियम-आयन सेल किलोमागं 250 ते 300 वॉट-तास (ऊर्जेचं माप) देतो. लिथियम-एअरबद्दल बातम्यांत 11,000 च्या वरचा आकडा फिरतो, पेट्रोलच्या जवळ जाणारा, पण तो नुसत्या लिथियमचं वजन धरून काढलेला आहे. ऑक्सिजन धरला की कागदावरच साडेतीन हजारांपर्यंत येतो, अन् डबा, आतली कार्बनची जाळी, इलेक्ट्रोलाइट (दोन्ही बाजूंमधलं आयन वाहून नेणारं द्रव्य) धरलं की अजून बराच खाली. 2021 मध्ये जपानची संशोधन संस्था एनआयएमएस अन् टेलिकॉम कंपनी सॉफ्टबँकनं किलोमागं 500 वॉट-तासांच्या वरचा सेल चालवून दाखवला, चार्जिंगच्या फेऱ्या मात्र थोड्याच झाल्या.

चालताना लिथियम अन् ऑक्सिजन मिळून लिथियम पेरॉक्साइड होतं, ते कार्बनच्या जाळीत साचतं, चार्ज करताना परत सुटतं. म्हणजे 1 किलो लिथियम साधारण 2.3 किलो ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळं पेट्रोलच्या विमानाचं वजन उडताना घटतं तसं इथं होत नाही, उलट पहाटेपर्यंत विमान जड होत जातं, अन् नेमकी तीच वेळ बॅटरी संपत आलेली असते. शिवाय सेल सुमारे 2.7 व्होल्टनं देतो अन् चार्जला 4 च्या आसपास मागतो, त्यामुळं सोलरची बरीच वीज वाया जाते.

उंचीवरची खरी गोची वेगळीच. ज्या हवेच्या भरवशावर बॅटरी हलकी केली ती हवाच तिथं नाही, 20 किलोमीटरवर दाब जमिनीच्या साधारण अठराव्या हिश्शाएवढा. मग कॉम्प्रेसर लावा, नाहीतर ऑक्सिजन टाकीत भरून न्या, दोन्हीनं वाचवलेलं वजन परत येतं. थंडी उणे 56 अंशांच्या आसपास, अन् कमी दाबाला पातळ इलेक्ट्रोलाइट उडून जायचा धोका. एक गोष्ट मात्र फायद्याची, तिथली हवा कोरडी ठणठणीत असते. लिथियमला ओलावा अन् कार्बन डायऑक्साइड दोन्ही चालत नाहीत, म्हणून लॅबमध्ये बहुतेक चाचण्या बाटलीतल्या शुद्ध ऑक्सिजनवरच होतात अन् नाव मात्र 'एअर'. विमान वर पोचेपर्यंत हवेचं तोंड बंद ठेवलं तर पावसाळी दमटपणा टाळता येईल. दिवसाला चार्जिंगची एकच फेरी अन् ती पण सावकाश, हेही या बॅटरीला मानवणारं आहे, कारण भसकन पॉवर देणं तिला जमत नाही.

इतिहास थोडक्यात: कल्पना 1970 च्या दशकातली, 1996 मध्ये के. एम. अब्राहम अन् झेड. जियांग यांनी पाण्याशिवायच्या इलेक्ट्रोलाइटवर परत चार्ज होणारा सेल दाखवला, 2009 ला आयबीएमनं कारसाठी मोठा प्रकल्प काढला. 2023 मध्ये अमेरिकेत इलिनॉय इन्स्टिट्यूट अन् अर्गोन नावाच्या राष्ट्रीय लॅबच्या लोकांनी घन इलेक्ट्रोलाइटवर 1000 फेऱ्या काढल्या, तिथं पेरॉक्साइडऐवजी लिथियम ऑक्साइड तयार होतं, म्हणून तेवढ्याच ऑक्सिजनमागं जास्त ऊर्जा निघते. माझ्या मते आतापर्यंतचं सगळ्यात दमदार काम हेच, पण तेही लॅबमधल्या छोट्या सेलवर.

प्रत्यक्ष उडालेली विमानं दुसऱ्याच बॅटऱ्यांवर चाललीत. एअरबसचं झेफिर हे असंच सोलर विमान 2022 मध्ये 64 दिवस वर राहिलं, वजन फक्त 75 किलो अन् पंख 25 मीटरचे. त्याआधी 2010 मध्ये जुन्या झेफिरनं लिथियम-सल्फरवर 14 दिवस काढले होते. भारतात बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेनं फेब्रुवारी 2024 मध्ये चित्रदुर्गजवळ चल्लकेरेला अशा विमानाचं छोटं मॉडेल 3 किलोमीटरपर्यंत उडवलं, साडेआठ तास. संभाजीनगरजवळ बिडकीनला ईव्हीवाले यायलेत म्हणून ही बॅटरी पण आता इथंच बनणार असं कोणी म्हणलं तर मनावर घेऊ नये, त्या गाड्या लिथियम-आयनवरच्या आहेत. लिथियम-एअरसाठी आधी कोरड्या खोल्या अन् आर्गॉन वायू भरलेले बंद डबे लागतात, कारखाना लई लांबची गोष्ट.