टेपरेकॉर्डर कॅसेट का खायचा?

गाणं रंगात आलेलं असताना आवाज अचानक जाड व्हायचा, लांबायचा आणि बंद पडायचा. झाकण उघडलं की कॅसेटीमागोमाग तपकिरी टेपचं भेंडोळं बाहेर यायचं. मग कंपासपेटीतली पेन्सिल शोधायची.

फिलिप्स कंपनीने ही कॅसेट 1963 साली बाजारात आणली. आतल्या टेपची रुंदी 3.81 मिलिमीटर आणि वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटीत साधारण 90 मीटर टेप असते. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. तपकिरी रंग त्याचाच.

चाकं फिरतात म्हणून टेप पुढे सरकते, असं आपल्याला वाटायचं. खरं तर टेप ओढायचं काम हेडशेजारची (हेड म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणारा भाग) कॅप्स्टन नावाची बारीक पोलादी दांडी करते. तिच्यावर रबरी पिंच रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या चिमटीतून टेप एकसारख्या वेगाने निघते. उजव्या चाकाने ती फक्त गुंडाळून घ्यायची. त्या चाकाचा वेगही सतत बदलतो: रिकामं असताना मिनिटाला सुमारे 40 फेरे, भरत आल्यावर जेमतेम 18. म्हणून त्याला घसरता क्लच लागतो, म्हणजे वेग बदलला तरी चाकाला हलकी ओढ देत राहणारा भाग. क्लच ढिला झाला, बेल्ट सैलावला किंवा कॅसेट आतून जड फिरू लागली की चाक थांबतं, पण कॅप्स्टन थांबत नाही. ती टेप देतच राहते आणि घ्यायला कुणी नसल्यामुळे टेप रोलरभोवती गुंडाळते. कॅसेट खाल्ली जाते ती अशी.

अशा वेळी कॅसेट हिसकू नये. आधी स्टॉप दाबा, रोलर बोटाने हलकेच उलटा फिरवा आणि वेटोळी एकेक करून सोडवा. कॅसेटीची उघडी कड खाली धरून उजव्या चाकात पेन्सिल घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. चाकाला आत सहा दाते असतात आणि पेन्सिलीला सहा कडा, त्यामुळे पकड छान बसते. गोल पेन्सिल नुसतीच घसरते. चाक रिकामं असेल तर एका फेऱ्यात जेमतेम 7 सेंटिमीटर टेप आत जाते, म्हणजे मीटरभर टेपेला 14-15 फेरे. भरलेल्या चाकाला सहा-सात पुरतात.

गुंडाळताना टेपेला पीळ पडू देऊ नका. अर्धा पीळ राहिला तर ऑक्साइडची बाजू हेडकडे पाठ करते, वरची कड खाली जाते आणि दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं, तेही उशीतून आल्यासारखं घुमट ऐकू येतं. या घुमटपणाचं कारण बघण्यासारखं आहे. 10,000 हर्ट्झच्या स्वराची एक लहर टेपेवर 5 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी जागा घेते. हेड आणि टेप यांच्यात एक मायक्रॉनचं अंतर पडलं तरी तो स्वर 11-12 डेसिबलने खाली येतो. 100 हर्ट्झच्या स्वराला मात्र काहीच जाणवत नाही. हेडवर मळ बसला की झांजा आणि 'स', 'श' आधी गायब होतात आणि तबल्याचा डग्गा तेवढा उरतो, तो यामुळेच. हेड आणि कॅप्स्टन इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. रबरी रोलरला पाण्याने ओलसर केलेलं फडकं पुरे. अल्कोहोलने रबर कडक होतं.

गाणं सुरू होण्याआधी त्याच गाण्याची पुसट चाहूल ऐकू यायची, आठवतं? तो भास नव्हता. गुंडाळलेल्या टेपेचे थर एकमेकांना चिकटून असतात आणि एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर किंचित उमटतं. चाहूल आणि खरं गाणं यांच्यात नेमकं एका फेऱ्याचं अंतर असतं: चाकावर टेप किती आहे त्यानुसार दीड ते तीन सेकंदांचं.

तुटलेली टेप जोडायची तर दोन्ही टोकं तिरकी कापा आणि जोडपट्टी (टेप जोडायची खास चिकटपट्टी) ऑक्साइड नसलेल्या बाजूला लावा. पाच सेंटिमीटर टेप गेली तर एक सेकंद गेला, एवढंच. साधी सेलोटेप वापरू नका. तिचा डिंक पाझरून वरचा थर चिकटतो आणि पुढच्या वेळी नेमकी तिथेच टेप अडकते.

माळ्यावरच्या डब्यात आरत्या आणि भावगीतांबरोबर आजीच्या ओव्या किंवा बारशाचं रेकॉर्डिंगही असेल, तर ती कॅसेट सर्वांत आधी काढा, कारण तिची दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही. कॅसेटीच्या खिडकीतून टेपेच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत ती हमखास सापडते. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटीत जाते. टेप हेडवर दाबून धरणारी कॅसेटीतली नमद्याची छोटी गादीही जागेवर आहे ना, ते पाहा. जुना गोंद सुटून ती पडते आणि मग आवाज खालीवर होतो. वाजवण्याआधी कॅसेटीची बाजू समोर धरून वरच्या कडेची डावीकडची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडा आणि उलट बाजूचीही तशीच मोडा. त्यानंतर चुकून बोट गेलं तरी रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.