कोडगेपणाचं मोजमाप

चोरी करताना सापडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला कोणी विचारतं, “वाईट नाही वाटलं?” तो खांदे उडवतो, “त्यात काय वाटायचं?” बोलीभाषेत अशा पोराला कोडगा म्हणून मोकळं होता येतं. मानसशास्त्राला मात्र या कोडगेपणाचं नाव ठरवायला दोनशे वर्षंही पुरली नाहीत.

सुरुवात मोठ्या माणसांपासून झाली. भ्रम नाही, बुद्धी शाबूत, पण वागणं हाताबाहेर, अशा रुग्णांची नोंद फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी १८०१ मध्ये केली. इंग्लंडमध्ये जेम्स प्रिचर्ड यांनी १८३५ साली ‘नैतिक वेड’ हा शब्द रूढ केला. ‘सायकोपॅथिक’ हा शब्द जर्मनीतून आला आणि बराच काळ त्यात वाटेल ते कोंबलं गेलं. शिकागोत १८९९ मध्ये बालन्यायालय सुरू झालं. तिथे येणाऱ्या मुलांच्या तपासणीसाठी १९०९ मध्ये विल्यम हीली यांच्या हाताखाली संस्था निघाली, तिचं नाव ‘ज्युव्हेनाइल सायकोपॅथिक इन्स्टिट्यूट’! आज दचकायला होतं, पण तेव्हा त्या शब्दात आजची धार नव्हती. हीली तर गुन्ह्याचं एकच कारण शोधण्याच्या विरोधातले होते.

ही धार आली १९४१ मध्ये. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेकली यांनी गोडबोले, हुशार, पण अपराधी भावनेचा लवलेश नसलेले रुग्ण बारकाईने रेखाटले. त्यातले बरेचसे हिंसकही नव्हते, हे पुढे लोक विसरले.

तिकडे लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली १४ मुलं त्यांना ‘मायेचा ओलावा नसलेली’ वाटली आणि त्यांतली १२ लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेली होती. नमुना लहान, निष्कर्ष मोठा. टीका व्हायची ती झालीच. पण कोडगेपणा जन्मजात असतो की घडवला जातो, हा वाद यातून आणखी पेटला.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी १९८० मध्ये कैद्यांमधले सायकोपॅथ ओळखण्यासाठी तपासणीसूची बनवली. तिची १२ ते १८ वयासाठीची आवृत्ती २००३ मध्ये आली: वीस मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. अडचण बघा. उतावळेपणा, बेजबाबदारपणा, सतत काहीतरी थरारक हवं असणं, पुढचा विचार नसणं हेही त्या मुद्द्यांत येतं. यातलं थोडंफार कुठल्या पंधरा वर्षांच्या पोरात सापडत नाही? मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं की बहुतेकांची गुंडगिरी पौगंडावस्थेपुरती असते, थोड्यांचीच आयुष्यभर टिकते.

पण राजकारणाला एवढा धीर नव्हता. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन डियुलिओ यांनी १९९५ मध्ये ‘सुपरप्रिडेटर’ (महाशिकारी) हा शब्द आणला, निर्दय पोरांची लाट येणार असं भाकीत केलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मुलांना प्रौढांच्या कोर्टात उभं करणारे कायदे तेव्हा कडक होतच होते, त्यांना या शब्दाने बळ दिलं. लाट आलीच नाही. उलट मुलांचे हिंसक गुन्हे घटत गेले. गंमत म्हणजे त्याच १९९५ साली विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा केंद्र सुरू झालं. इतर सुधारगृहांना न आवरणाऱ्या मुलांना तिथे शिक्षेऐवजी सलग उपचार मिळू लागले, आणि सुटल्यावर त्यांच्याकडून होणारी हिंसा तुलनेने कमी असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे ‘अशांवर उपचार चालत नाहीत’ या समजालाही तडा गेला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अल्पवयात केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी रद्द केली. तात्पुरता अपरिपक्वपणा आणि कायमची विकृती वेगळी ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, असं निकालात म्हटलं होतं. अठराच्या आत समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचं, म्हणजे इतरांचे हक्क सतत तुडवणाऱ्या स्वभावाचं, निदान करायचं नाही, या नियमाचाही त्यात उल्लेख होता.

मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रिक यांच्या कामामुळे पुढे मुलांच्या बाबतीत व्यक्तीऐवजी लक्षणांवर बोट ठेवलं जाऊ लागलं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत वर्तनविकाराला, म्हणजे मुलांच्या सततच्या आक्रमक, नियम मोडणाऱ्या वागण्याच्या निदानाला, एक जोडनोंद आली. पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसणं, स्वतःच्या कामगिरीची फिकीर नसणं आणि उथळ भावना, या चारांपैकी किमान दोन गोष्टी वर्षभर, वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्या तर ती लावायची. तिचं नाव ‘मर्यादित समाजाभिमुख भावना’. ‘सायकोपॅथ’ हा शब्द त्या नोंदीच्या नावात मुद्दामच येऊ दिलेला नाही.