दिवसभर काय केलंस?

बाळंतपणाला आषाढात गुहागरला माहेरी यायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना एकच काळजी होती: लंगोट वाळणार कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पडवीतल्या दोरीवर सकाळी टाकलेला लंगोट संध्याकाळीही हाताला तसाच गार लागतो. आईनं तिच्या सासूचा उपाय काढला. शेगडीत निखारे, त्यावर बांबूची टोपली पालथी, टोपलीवर लंगोट पसरलेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पडल्या पडल्या हिशोब केला. २६ अंशांची ओथंबलेली हवा ३६ अंशांपर्यंत तापली, की तिच्यात बाष्प तेवढंच राहतं, पण सामावून घ्यायची ताकद जवळपास पावणेदोन पट होते. म्हणून शेगडीवर कापड वाळतं आणि दोरीवर वाळत नाही. (शेगडी पडवीतच. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखारे ठेवायला मी साफ नकार दिला. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो कोणाला उठवत नाही.)

रात्री नऊच्या सुमाराला पुण्याहून नवऱ्याचा फोन. "काय गं, दिवसभर काय केलंस?" विचारलेलं मायेनंच, पण मला उत्तर सुचेना. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, निजवलं, परत पाजलं. भाकरी थापली तर निदान ती ताटात दिसते. इथे दिवस संपला तरी दाखवायला काही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा वेळ कंटाळ्यात गेलेला. त्या कंटाळ्याचीच मला जास्त लाज वाटत होती.

ती लाज कमी केली एका यादीनं. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस आठवायला सांगितला. सिनेमातल्या प्रसंगांसारखे दिवसाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात काय करत होता, सोबत कोण होतं, कसं वाटत होतं ते लिहायचं. सगळं जमेला धरून कामांची क्रमवारी लावली, तर मुलांची देखभाल बरीच खाली निघाली. जेवण, गप्पा, टीव्ही तर वर होतेच. स्वयंपाक, खरेदी आणि डुलकीसुद्धा तिच्या वर. खाली उरलं संगणक-ईमेल, घरकाम, नोकरी आणि कामाला जायचा-यायचा प्रवास. यादी टेक्सासची आहे, ती जशीच्या तशी गुहागरला लावता येणार नाही. तरी "आई झाल्यावर स्वर्ग दोन बोटं उरतो" म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

काहींनी यावरून थेट निष्कर्ष काढला, की मुलं सुख देत नाहीत. घोटाळा मोजमापात होता. त्या क्षणी बरं वाटलं का, एवढंच विचारलेलं. २००९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन या दोघांनी जोडीला दुसरा प्रश्न घातला: हा वेळ सार्थकी लागला असं वाटलं का? तेव्हा चित्र हललं. मुलांसोबतचा वेळ मजेच्या मापात मागे, पण सार्थकीच्या मापात पुढे. टीव्हीचं नेमकं उलट. म्हणजे मजा आणि अर्थ यांचे काटे वेगवेगळे. एक खाली असताना दुसरा वर असू शकतो, आणि कंटाळलेली आई वाईट आई ठरत नाही.

हा दुसरा काटा हलतो कधी? माझा रात्री दोनला हलला.

पाऊस थांबला की आमच्या घरी समुद्राची गाज ऐकू येते. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन मी पडवीत येरझारा घालायचे. ते झोपलं की गोधडीवर ठेवायचे, आणि ते टक्क जागं. तिसऱ्या रात्री आई उठून आली. "अगो, झोपलं म्हणून लगेच टेकवू नको. अंग सोडू दे त्याला."

जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या कुमी कुरोदा यांच्या गटानं नेमकं हेच तपासलंय. मांजरीनं तोंडात धरून उचललेलं पिल्लू कसं निपचित होतं, तसंच माणसाचं बाळही कडेवर घेऊन चालू लागलं की शांत होतं, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं घेऊन बसल्यानं तो परिणाम होत नाही. २०२२ मध्ये त्यांनी २१ बाळांवर पाहणी केली. पाच मिनिटं चाललं, की रडणं थांबायचं आणि जवळपास निम्मी बाळं झोपायची. पण खाली ठेवताना अनेक जागी व्हायची. मला वाटायचं, पाठीला गार गोधडी लागते म्हणून. ठोक्यांच्या नोंदी वेगळं सांगतात: ठोके वाढतात ते आईच्या अंगापासून बाळ सुटं होऊ लागतं तेव्हाच, पाठ टेकायच्या आधी. म्हणून झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसावं, मग ठेवावं. मी मोबाइलवर आठ मिनिटं लावते. आई घड्याळ बघत नाही. ती बाळाचं कोपर बोटानं जरा उचलून सोडते. हात लोंबला, की बाळ खाली.

बाळाला आईच्याच जुन्या साडीची दुपटी देतात, त्यामागेही असंच काही असावं: आईचा वास. एडन मॅकफार्लेन या डॉक्टरांनी १९७५ मध्ये दाखवलं, की आठवडाभराचं बाळ अनोळखी बाईच्या दुधाच्या वासापेक्षा आपल्या आईच्या दुधाच्या वासाकडे जास्त मान वळवतं. दोन दिवसांच्या बाळाला ते जमत नव्हतं. मधल्या दिवसांत घडतं काय? पाजणं, निजवणं, परत पाजणं. जे मला दिवसभराचं काहीच न घडणं वाटत होतं, त्याच्यातूनच बाळ मला ओळखायला शिकत होतं.

मेंदू माझाही बदललाय म्हणे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २५ पहिलटकरणींचे गरोदरपणाआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागणाऱ्या भागांत करडं द्रव्य कमी झालेलं दिसलं, आणि दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. बाबांच्या स्कॅनमध्ये तसं काही दिसलं नाही. कमी झालं म्हणजे बिघडलं असं नाही. कलमाची छाटणी करतात, तसं काहीसं ते असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. चष्मा फ्रिजमध्ये सापडला त्याचं खापर मात्र मी त्या स्कॅनवर फोडू शकत नाही. त्या बायकांची स्मरणशक्तीही तपासली होती, ती घटलेली नव्हती. माझी झोप झालेली नाही, एवढंच.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी काढायला हवी. पहिल्या काही दिवसांतलं विनाकारण रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, कशातच मन लागेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलते विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र हिशोब झाला, तेव्हा प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. इतक्या जणींना "घरकामात मन रमव" सांगून भागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. बाळाचं वजन झालं की त्यांना हेही सांगावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

काल रात्री फोन आला. "काय केलंस दिवसभर?"

"सोळा लंगोट टोपलीवर टाकले, अकरा वाळले. आणि पहाटे त्यानं डोळे न उघडता माझ्याकडे मान वळवली."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग म्हणाला, "आणि उरलेले पाच?"

"शेगडीवर."